मेडशीचा दगड, नागपूरची करवत

मेडशी, ता. मालेगाव
२० जानेवारी २०२५

ईनबाई डॉक्टर मंजुषाबाई यांस मेडशीवरून मनकर्णाबाईचा रामराम.

आमी खुशाल हावो, म्हनजे कोनी इचारलं तं असंच सांगा लागते. तुमचे गुडघे कसे हायेत? जपा. या वयात मानूस एकदा बसलं का उठनं कठीन.

कागद लिहाचं कारन आमचा दगड. दिवाळीत माझा विकास तो तुमच्या हवाली करून आला. आठ दिवसांत पाहून वापस देते असं जावयाले म्हनल्या होत्या. संक्रांत झाली. तीळगूळ आला नाही अन् दगडबी आला नाही.

तुमी इसरल्या असान म्हनून पुन्हा सांगते. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी चालू होती. भर दुपारी, आभाळात ढगाचं नाव नाही, अन् तीनदा गडगडलं. मी, सून वर्षा अन् तांड्यावरची रुपाबाई वावराच्या धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेले होतो. सूं करत काहीतरी आलं अन् वीस पावलांवर धप्प झालं. रुपाबाई विळा टाकून पळाली. मी जागची हालली नाही. लोक त्याले हिंमत म्हनतात, पाय उचलत नव्हते ते म्या कोनाले सांगतलं नाही. वीतभर खड्ड्यात हा काळा दगड. साडेतीन किलो भरला. नागपुरात पडला असता तं तुमचा. पन त्यानं आमचं वावर निवडलं. आवड ज्याची त्याची.

फोन काहून केला नाही असं तुमच्या मनात येईन. आपलं दोघींचं बोलनं दोन वर्सापासून बंद हाये, ते बंदच बरं. कागदावर आवाज चढत नाही.

वर्षाबद्दल मी काही इचारत नाही. तुमची लेक, तुमचं सुख. दगड तेवढा पाठवा.

मनकर्णाबाई


नागपूर
२९ जानेवारी २०२५

मनकर्णाबाई, नमस्कार.

गुडघ्यांची चौकशी केलीत, आभारी आहे. वय काढायची ही पद्धत मला नवीन होती. माझे गुडघे रोज तीन मजले चढतात.

आधी आनंदाची बातमी. दगड खरा आहे. अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेला. मी बत्तीस वर्षं कॉलेजात खनिजं शिकवली, अशनींवर प्रबंध लिहिला, आणि सगळा जन्म दुसऱ्यांनी पाठवलेल्या नखाएवढ्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेला. घरचा म्हणावा असा हा पहिलाच. 'घरचा' या शब्दाला तुमची हरकत असणार, ती नोंदवून घेतली आहे.

दुसरी बातमी तुमच्याबद्दल. हवेतून येताना अशनीचं अंग वितळतं आणि त्यावर पातळ काळी साल धरते. आम्ही लोक तिला हातमोजे घालून हात लावतो. तुम्ही ती राख आणि नारळाच्या शेंडीनं घासलीत. उरलेल्या सालीवर हळद, कुंकू आणि माझ्या अंदाजानं खोबरेल आहे. मी वाळवंटातले अशनी पाहिले, बर्फातले पाहिले. लग्नाला निघालेला प्रथमच पाहिला.

तिसरी बातमी माझ्याबद्दल. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून मी तो कापला. हे वाक्य चार वेळा लिहून पाहिलं, ते सौम्य होत नाही. एक तुकडा सव्वा किलोचा आहे, दुसरा दोन किलोंच्या वर.

पण आत काय निघालं ते ऐका. करड्या अंगात केसाएवढ्या काळ्या शिरा आहेत, आणि त्या शिरांमध्ये धुळीच्या कणाएवढे जांभळे-निळे दाणे. या खनिजाचं नाव रिंगवुडाइट. मुळात ते ऑलिव्हिन नावाचं साधं हिरवट खनिज असतं. त्याच्यावर हवेच्या दाबाच्या दोन लाख पट दाब आला की त्याचे अणू एकमेकांत दाटीनं बसतात आणि ते हे होतं. एवढा दाब पृथ्वीत हवा असेल तर पाचशे किलोमीटर खाली उतरावं लागेल. तुमच्या दगडाला तो एका टकरीत मिळाला.

वर्षाबद्दल तुम्ही विचारत नाही, चांगलं करता. मीही विचारत नाही. तिचा आवाज थकलेला वाटतो. तो का थकला हे न विचारण्याइतकी मी आता शहाणी झाले आहे.

मंजुषा


मेडशी
८ फेब्रुवारी २०२५

ईनबाई,

कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं चष्म्याची चूक हाये.

कापला. लोकाचा दगड. आमच्या गावात कोनी कोनाची म्हस चारायले नेली तं संध्याकाळी म्हस वापस येते. अर्धी करून कोनी आनून देत नाही. पन म्या घासला तं ते पाप अन् तुमी कापला तं ते शास्त्र. मानलं.

आता त्या जांभळ्याचं. तुमी त्याच्यावर अर्धं पान लिहिलं. म्या रुपाबाईले तुरीच्या तासात एका वाक्यात सांगतलं का दगडानं मार खाल्ला, अंगावर वळ उठले. ती म्हनली, एवढं कळाले बत्तीस वर्सं लागतात? म्या तुमची बाजू घेतली बरं. म्हनलं, बाई, आपन वळ पाहून इचारतो कोनी मारलं, ह्या वळ पाहून इचारतात किती जोरानं मारलं. शिकल्याचा फरक पडतेच.

पन मंग कोनी मारलं तेबी लिहा. आमच्या वावरातली माती भुसभुशीत हाये. तिच्यावर पडून एवढा मार लागन असं मले वाटत नाही. मेडशीवर आळ येऊ देऊ नका.

वर्षा थकन नाही तं काय? मानसाचं करता करता मानूस थकतेच. करून घेनाऱ्यानं समजून घ्यावं.

मनकर्णाबाई


नागपूर
२० फेब्रुवारी २०२५

मनकर्णाबाई, नमस्कार.

म्हशीचा दाखला वाचला. फरक एवढाच की म्हैस कापली तर दूध बंद होतं, दगड कापला तरच तो काही देतो.

'वळ' या शब्दाबद्दल. मी बत्तीस वर्षं मुलांना हे समजावलं आणि इतका नेमका शब्द मला सुचला नाही. हे तुम्हाला कळवायचं नाही असं ठरवलं होतं. शाईनं लिहिलंय, खोडत नाही.

मेडशीच्या मातीवर कसलाही आळ नाही. तुमच्या वावरात दगड आला तो जुना मार घेऊनच. माझा अंदाज खरा असेल तर सुमारे सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वी, मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात, एका मोठ्या गोळ्यावर दुसरा आदळला. त्या गोळ्याचा हा तुकडा. ती टक्कर जेमतेम सेकंदभराची. शिरा वितळल्या, दाबानं हिरव्याचं जांभळं झालं. नंतर तो भाग बराच वेळ तापून राहिला असता तर दाणे हळूहळू पुन्हा हिरवट झाले असते आणि आपल्याला कधी कळलंच नसतं. पण शिरा बारीक होत्या आणि आजूबाजूचा दगड थंड. वितळलेलं क्षणात गोठलं, दाणे होते तसे अडकले.

आता कामाचं. अशनी ज्या गावाजवळ पडतो त्या गावाचं नाव त्याला मिळतं. ते एक समिती ठरवते, आणि तिला डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाचा लेखी जबाब लागतो. आवाज किती झाले, दिशा कुठली, खड्डा किती. वर्षानं त्या दिवशी टेपनं मोजमाप घेतलं होतं. तिला लिहायला सांगितलं आहे. घरकामातून तिला तासभर सुटी मिळाली तर विज्ञान तुमचं ऋणी राहील.

'करून घेणाऱ्यानं समजून घ्यावं' असं तुम्ही स्वतःच लिहिलंत, म्हणून आशा आहे.

मंजुषा


मेडशी
२८ फेब्रुवारी २०२५

ईनबाई,

सत्तेचाळीस कोटी वर्सं झाली अन् वळ गेला नाही. दगडाचीबी आठवन मोठी असते म्हना. मानसापेक्षा बरा, तो निदान बोलून दाखवत नाही.

सुटीचं मले लिहिलं, हासू आलं. मी कोन सुटी देनारी? ज्याच्या घरी राबते त्यानं द्यावी. जबाब तिनं लिहिलाच असन, घरातल्या घरात काय टाइम लागते.

माझाबी जबाब लिहून घ्या. दगड पूर्वेकडून आला, आवाज तीन झाले, अन् गेला तो नागपूरकडं. त्याच्यानंतर दिसला नाही.

मनकर्णाबाई


नागपूर
१० मार्च २०२५

मनकर्णाबाई, नमस्कार.

तुमचा जबाब फाइलला लावला आहे. शेवटची ओळ समितीला पाठवणार नाही.

वर्षाचा जबाबही आला. चार पानं, नकाशासकट. खड्ड्याची खोली, दगड काढला तेव्हा तो गार लागला की गरम, सगळं लिहिलंय. मला अभिमान वाटला, त्याचं श्रेय मी तिच्या आईला देते.

एक गोष्ट मात्र समजली नाही. पाकिटावर शिक्का धनजच्या पोस्टाचा आहे. मी नकाशात शोधलं, धनज कारंजा तालुक्यात आहे. मेडशीच्या पोस्टाचं काय झालं? पाकीट टाकायला सुनेला इतक्या लांब पाठवता? 'ज्याच्या घरी राबते त्यानं सुटी द्यावी' असं लिहून तुम्ही हात झटकलेत, पण ती राबते ते घर तुमचं आहे.

आता सरळ लिहिते, कारण आडून लिहून दोन महिने काही उपयोग झालेला नाही. जानेवारीपासून तिच्या आवाजात जीव नाही. तिला महिनाभर माझ्याकडे पाठवा.

मंजुषा


मेडशी
१५ मार्च २०२५

ईनबाई,

तुमच्याकडं पाठवा म्हनता. वर्षा तुमच्याकडंच हाये असं मी समजून होती.

पाच जानेवारीले विकास तिले घेऊन गेला. मले सांगतलं, तिच्या आईच्या गुडघ्याचं आपरेशन हाये, तीनेक महिने ती तथीच राहीन. म्हनून तं म्या तुमचे गुडघे इचारले. तुमाले वाटलं मी वय काढून राह्यली. तुमी तीन मजल्यांचं लिहिलं, मले वाटलं बढाई हाये. तुमी लिहिलं आवाज थकला, मले वाटलं तुमचं करून थकली. एक सरळ वाक्य आपन दोघींनी लिहिलं असतं तं हे जानेवारीतच उघडं पडलं असतं.

विकास मालेगावचं दुकान बंद करून आला तवा म्या तुमचा कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं जोडेबी काढले नाही. म्हनला, "आई, ती धनजले हाये. पाचवा महिना हाये. तुमा दोघींले सांगाचं नाही म्हनून तिनं माझ्याकडून शपथ घेतली."

दोघींले. म्या तो शब्द दोनदा इचारला. तुमाले सांगाचं नाही हे मी समजू शकते. मलेबी?

रुपाबाईची पोरगी संगीता धनजच्या उपकेंद्रात नर्स हाये. वर्षा तिच्याकडं राह्यते. म्हनजे रुपाबाईले ठाऊक होतं. सगळा हिवाळा माझ्या शेजारी तूर सोंगत होती, माझे तुमच्याबद्दलचे टोमने आयकून हासत होती, अन् एक शब्द बोलली नाही.

मी सोमवारी निघनार होती. विकास म्हनला, थांब, तिची चिठ्ठी येऊन राह्यली.

मनकर्णाबाई


धनज, ता. कारंजा
१७ मार्च २०२५

दोन्ही आईंना,

एकच मजकूर दोनदा लिहिला आहे, एक नागपूरला आणि एक मेडशीला, म्हणजे कमीजास्त वाचलं असं व्हायला नको. आधी वाचा, मग एसटीत बसा. तोपर्यंत फोन बंद ठेवला आहे.

मी ठीक आहे. बाळ ठीक आहे. कारंजाच्या डॉक्टरांनी जास्तीत जास्त पडून राहायला सांगितलं आहे, म्हणून पडून आहे. संगीता सकाळी उपकेंद्रात जाते, दुपारी येऊन बीपी बघते. विकास एक दिवसाआड येतो.

का सांगितलं नाही ते लिहिते. दोन वर्षांपूर्वी अकोल्याच्या दवाखान्यात तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हा तुम्ही दोघी माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. नागपूरची आई म्हणाली, "माझ्याजवळ असतीस तर हे झालं नसतं." मेडशीची आई म्हणाली, "आमच्या घरात असं कधी झालं नाही." मग पाऊण तास तुम्ही माझ्या सलाईनच्या नळीवरून एकमेकींशी बोलत होता. मला तहान लागली होती. संगीता तेव्हा तिथे नर्सिंग शिकत होती, तिनं पाणी दिलं.

त्यानंतर दोघींनी मला वेगवेगळं गाठून सांगितलं की दुसरीचे शब्द मरेपर्यंत विसरणार नाही. स्वतःचे आठवतात का, असं मी विचारलं नाही. आता विचारते.

दगडावरून तुमची पत्रं चालू आहेत हे विकासकडून कळायचं. मला बरं वाटायचं. भांडायला तुम्हाला माझ्याशिवाय दुसरं काही मिळालं होतं.

यायचं असेल तर या, पण पाळीनं. एक आठवडा एक, पुढचा आठवडा दुसरी, रविवारी बदल. दोघी एकदम नको. आणि माझ्या खोलीत एकीनं दुसरीबद्दल एक अक्षर काढायचं नाही. फारच झालं तर एकमेकींना लिहा. त्याची तुम्हाला सवय झालीच आहे.

वर्षा


नागपूर
२५ मार्च २०२५

मनकर्णाबाई,

वर्षाचं पत्र तुम्हालाही मिळालं असेल.

ते वाक्य मी बोलले होते. तुमचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होतं, कुठल्या शब्दावर जोर दिलात तेही. माझं मला तिच्या पत्रात वाचून आठवलं. आधी वाटलं ती चुकतेय. मग त्या खोलीतली खिडकीही आठवली.

पहिला आठवडा तुम्ही घ्या. मला निघायला चार दिवस लागतील. खरं तर दोन तासही पुरतात, पण तिच्यासमोर कुठलं तोंड घेऊन जायचं ते अजून ठरत नाही. तुम्ही या बाबतीत माझ्यापेक्षा धीट आहात. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. पुन्हा वाचून पाहा, टोमणा सापडणार नाही.

मंजुषा


धनज
१२ एप्रिल २०२५

ईनबाई,

माझी पाळी उद्या संपते, म्हनून चार्ज देऊन राह्यली.

डबा पत्र्याच्या पेटीत हाये. भाकर तिले पातळ लागते. तुमी मागच्या खेपेले केली ती म्या पाह्यली, तिचंबी वजन करून शास्त्राले कळवा. औषध जेवल्यावर. डाव्या कुशीवर झोपवा. रुपाबाई मंगळवारी येनार हाये, तिले चहात आलं नोको.

तुमी आनलेले ते दगडाच्या शिरांचे जांभळे फोटो वर्षानं भिताडाले चिकटवले. दिवसभर त्याच्यावर पेन्सिलीनं टिंबं देत बसते, एक एक दाना मोजते. मले वाटलं झोपून झोपून डोक्यावर परिनाम झाला. मंग तिनं मले समजून सांगतलं. जाड शिरेच्या मधोमध पाहा म्हने. तथी दाने जांभळे नाही, फिक्के हायेत. जाड शीर मधात जास्त टाइम गरम राह्यली, म्हनून तथचे दाने वापस आपल्या रूपावर फिरले. बारीक शिरेतले फिरले नाही. बरोबर हाये का हे? बरोबर असन तं तुमी पाच महिने दगड घेऊन बसल्या अन् लेकीले ते खाटेवर पडून दिसलं.

दुसरं. अकोल्यात मी बोलली ते खरं हाये. अन् ते खोटंबी हाये. आमच्या घरात असं झालं होतं. विकासच्या आधी, माझंच. माझ्या सासूनं तवा मले जे म्हनलं तेच म्या वर्षाले म्हनलं, एक शब्द न बदलता. चाळीस वर्सं म्या ते वाक्य जपून ठेवलं अन् जागा पाहून काढलं. हे म्या विकासले कधी सांगतलं नाही. वर्षाले परवा सांगतलं. तिनं माझा हात धरला.

तुमाले काहून लिहून राह्यली मले ठाऊक नाही. तुमी जपून ठेवान असं वाटते.

मनकर्णाबाई


नागपूर
२० जून २०२५

मनकर्णाबाई, नमस्कार.

तीन गोष्टी कळवायच्या आहेत. माझ्या पाळीत तुम्हाला लिहायला वेळ मिळाला नाही, कारण पातळ भाकरी करायला वेळ लागतो.

वर्षाचं निरीक्षण बरोबर आहे. मी तिची टिंबं घेऊन विद्यापीठातल्या यंत्रावर लेझरनं तपासली. जाड शिरेच्या मध्यभागी जांभळे दाणे खरोखरच परत फिरलेले आहेत, तिनं खूण केली तिथूनच. त्यावरून टक्कर झाल्यावर ती शीर किती वेळ तापलेली राहिली याचा हिशेब मांडता येतो. मला ते दिसलं होतं आणि मी ते चकती घासताना झालेली खराबी समजून सोडून दिलं होतं. लेखावर तिचं नाव पहिलं आहे, माझं दुसरं.

लेख तपासणाऱ्या परीक्षकांनी एकच शंका काढली. सालीवरचे पिवळे कण कुठल्या खनिजाचे आहेत, आणि ते अवकाशातले आहेत का. मी उत्तर पाठवलं की ते मनकर्णाबाईंचे आहेत.

समितीनं नाव मान्य केलं. या अशनीचं नाव आता 'मेडशी' आहे. सापडला कोणाला या रकान्यात मी तुमचं पूर्ण नाव लिहिलं आणि साक्षीदार म्हणून रुपाबाईंचं. पळालेल्या साक्षीदाराचं नाव चालतं का, हे मी नियमात पाहून घेतलं. चालतं.

लहान तुकडा संग्रहालयात जाईल. मोठा विकासबरोबर पाठवत आहे. न विचारता कापला, ती माझी चूक होती. हे वाक्य मात्र पहिल्याच वेळी नीट लिहिता आलं.

एप्रिलमधल्या तुमच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते माझ्याकडे जपून आहे.

मंजुषा


मेडशी
१२ ऑगस्ट २०२५

ईनबाई मंजुषाबाई, मुक्काम धनज, यांस.

लेक अन् नात दोघी बऱ्या हायेत असं विकास सांगते. तुमच्या चालू पाळीत सहसा तक्रारी कमी येतात. लोक भीत असतीन.

त्या दिवशीचं एक सांगाचं राहून गेलं. खोलीत तुमच्याबद्दल बोलाले बंदी, अन् तोंडानं सांगाचं तं मी रडली असती. तुमच्यापुढं रडाची माझी अजून तयारी नाही. म्हनून लिहून राह्यली.

रविवार होता, बदलीचा दिवस. तुमी आल्या, मी पिशवी भरून उंबऱ्यात होती, अन् वर्षाच्या पोटात कळ आली. दोघी एकदम नोको असा तिचा नियम होता, पन गाडीत तिले मधात घेऊन दोघी बसलो. कारंजाले दवाखान्याच्या दारात त्या बाईनं इचारलं, आत एकच जन येईन, पेशंटची आई कोन हाये?

म्या तुमच्याकडं बोट केलं. मान वळवून पाह्यलं तं तुमचं बोट माझ्याकडं होतं.

ती बाई वैतागली. म्हनली, ठरवा लवकर. तवा तुमी मले हातानं आत लोटलं. जोरात लोटलं बरं, खांदा दोन दिवस दुखला. काहून लोटलं ते म्या तवा इचारलं नाही. तुमची लेक होती. तुमचा हक्क पहिला होता. माझं एप्रिलचं पत्र तुमच्याकडं हाये म्हनल्या होत्या, त्याचंच ते उत्तर असन असं मी धरून चालली. चुकीचं असन तं कळवा.

आत मी तिच्या डोक्याशी होती. माझ्या हाताले तिचे नखं लागले, ते मी कोनाले दाखवले नाही. डॉक्टरीनबाई चांगली होती, घाई नाही, ओरडनं नाही. अर्ध्या घंट्यानं शेवटची कळ आली. तवा वर्षानं डोळे मिटून घेतले अन् जोरात हाक मारली, "आई."

एकदाच. त्याच्यानंतर लगेच पोरगी झाली, दोन किलो सातशे, केस काळे कुळकुळीत. तुमी भाईर आयकलंच असन तिचं रडनं.

पन ती हाक. वर्षा तुमाले आई म्हनते अन् मलेबी आईच म्हनते. कोनाले मारली ते म्या तिले इचारलं नाही, पुढंबी इचारनार नाही. मी जवळ होती, म्हनून म्या ओ देली.

तुमची असन तं माफ करा. तुमी दाराभाईर होत्या.

मनकर्णाबाई